भिजलेल्या खोगिराचं काय करायचं?

जून ते सप्टेंबर माथेरानमध्ये घोड्याचा साज पूर्ण कोरडा असा क्वचितच राहतो. गावात मोटारींना बंदी, माणसं आणि सामान बरंचसं घोड्यावरून जाणार, आणि पाऊस सह्याद्रीच्या कड्यावरचा. पुण्याचा रेसचा मोसम तर पावसाळ्यातच असतो, साधारण जुलै ते ऑक्टोबर. आषाढी वारीसाठी अंकलीहून आळंदीला चालत येणारे आणि पुढे रिंगणात धावणारे शितोळे सरकारांचे अश्वही ऐन पावसातच वाट चालतात. तेव्हा ‘साज भिजू देऊ नका’ हा सल्ला आपल्याकडे घोडा ठेवणाऱ्याच्या काही कामाचा नाही. साज भिजणारच. भिजल्यानंतरच्या दोन-चार दिवसांत त्याचं काय करायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

आणि बहुतेक नुकसान होतं ते त्याच दोन-चार दिवसांत. पावसाच्या पाण्याने चांगलं चामडं एका दिवसात मरत नाही. भिजलेलं खोगीर चुलीजवळ टेकवून ठेवणं, उघडीप मिळाली म्हणून कडक उन्हात टाकणं, वाळून कडक झालेल्या लगामावर वाटीभर तेल ओतणं, किंवा काहीच न करता प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं, हे त्याला मारतं. असं का होतं ते एकदा कळलं की नियम पाठ करायची गरज उरत नाही. म्हणून आधी चामड्याच्या आत डोकावू.

कातडी म्हणजे मुळात कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या बारीक तंतूंचं दाट जाळं. कच्ची कातडी ओली राहिली की कुजते आणि वाळली की लाकडासारखी होते. तिचं टिकाऊ चामडं करायचं तर ती कमवावी लागते. वनस्पतींच्या साली आणि फळांतली टॅनिनं त्या तंतूंना चिकटून बसतात, मग जंतूंना ते खाता येत नाहीत. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा हे पिढ्यानपिढ्या वापरात आहेत. कोल्हापुरी चपला याच पद्धतीच्या चामड्याच्या. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि शेजारच्या कर्नाटकातले ४ जिल्हे मिळून २०१९ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. उत्तरेत कानपूरला बाभूळ मुबलक होती. तिथे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या फौजेसाठी खोगिरं आणि साज बनवण्याचा सरकारी कारखाना उभा राहिला, आणि कानपूरची सॅडलरी आजही परदेशात जाते. तुमच्या घोड्याच्या पाठीवरचं खोगीर कानपूरचं असण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरी पद्धत क्रोमची. त्यात क्रोमियमचे क्षार वापरतात, काम झटपट होतं आणि चामडं मऊ, पाण्याला जरा जास्त सोसणारं निघतं. घरच्या घरी ओळखायचं तर वादीची कापलेली कड पाहावी. आतपर्यंत तपकिरी दिसली तर बहुधा सालीने कमावलेलं, मधोमध निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोमचं. खोगिराचं बैठकीचं चामडं, रिकीबीचे (स्वार पाय ठेवतो त्या कड्यांचे) पट्टे, तंगाच्या (खोगीर पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्याच्या) वाद्या हे सगळं बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचं असतं. ते कमी ताणतं, आकार धरून ठेवतं आणि शिवण घट्ट पकडतं. पुढचं बहुतेक बोलणं त्याच चामड्याबद्दल आहे.

कमावून झाल्यावर कारागीर त्यात तेल-चरबी मुरवतात. हे तेल तंतूंच्या मधोमध बसतं आणि त्यांना एकमेकांवरून सरकू देतं. वादी वाकते ती या सरकण्यामुळे. कोरड्या दिसणाऱ्या चामड्यातही थोडं पाणी असतंच, साधारण हवेत वजनाच्या १२ ते १५ टक्के. म्हणजे पाणी चामड्याला परकं नाही. प्रमाण बिघडलं की गडबड सुरू होते.

जोराचा पाऊस झाला की पाणी तंतूंच्या जाळ्यात शिरतं. तंतू फुगतात, जाळं सैल होतं, चामडं नेहमीपेक्षा जास्त ताणायला लागतं. या वेळी त्यावर जोर दिला तर ते लांबतं आणि लांबलेलंच राहतं. मग वाळण्याचा टप्पा येतो. पाणी आतून पृष्ठभागाकडे सरकतं आणि उडून जातं, जाताना आतलं थोडं तेलही बरोबर ओढून आणतं. वाळणं सावकाश झालं तर तंतू हळूहळू जागेवर बसतात आणि उरलेलं तेल पुन्हा पसरतं. घाईने वाळवलं तर वरचा थर आधी आटतो, आतला ओलाच राहतो, आणि तेल निघून गेलेले तंतू एकमेकांना चिकटून बसतात. आपण म्हणतो, ‘लगाम कडक झाला.’ तो कडक लगाम जबरदस्तीने वाकवला की चिकटलेले तंतू सुटत नाहीत, तुटतात. पृष्ठभागावर दिसणारी चीर ही त्या तुटण्याची खूण. एकदा पडलेली चीर कुठलंही तेल भरून काढत नाही.

आता उष्णतेचं. सालीने कमावलेलं ओलं चामडं साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आक्रसतं, म्हणजे कोलॅजनची घडणच मोडते आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही. कोरडं चामडं याहून बरंच जास्त तापमान सोसतं, फरक ओलेपणाचा आहे. चुलीच्या कडेला किंवा हीटरसमोर हा आकडा सहज गाठला जातो. उन्हाचं तापमान तेवढं नसतं असं कुणी म्हणेल. पण काळं किंवा गडद तपकिरी चामडं कडक उन्हात आजूबाजूच्या हवेपेक्षा खूप जास्त तापतं, आणि जुन्या, घामाने व दमटपणाने झिजलेल्या चामड्याची सोसण्याची हद्द मुळात खाली आलेली असते. म्हणून नवं खोगीर एखाद वेळी उन्हातून सुटतं आणि आजोबांच्या काळातलं त्याच उन्हात पापडासारखं वळतं. हेअर ड्रायरचं तेच. गरम हवा वरचा थर भाजते, आत ओल तशीच.

पहिला तास

घोडा आधी. तंग सोडायचा, खोगीर उतरवायचं, पाठ पुसून घोडा आडोशाला बांधायचा, मग सामानाकडे वळायचं. खोगीर ओलं असताना ते जमिनीवर आडवं टाकू नये, कारण ओलं चामडं ज्या आकारात वाळतं तोच आकार धरतं. कारागीर खोगिराची बैठक घडवताना चामडं ओलं करून साच्यावर बसवतात ते याच गुणामुळे. तुम्ही ते वेडंवाकडं टाकलंत तर तोही आकार ते तितक्याच निष्ठेने धरेल.

सगळं सुटं करायचं. रिकिबी पट्ट्यांतून काढायच्या, तंग वेगळा, दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) वेगळी, घोड्याच्या तोंडातलं धातूचं बिट लगामापासून सोडवायचं. बक्कल लावलेलंच ठेवलं तर त्याच्याखाली दुमडलेलं चामडं सगळ्यात शेवटी वाळतं, आणि वादी तुटते ती बहुधा तिथेच. माथेरानची लाल माती ही जांभ्याची. वाळली की तिची बारीक कचकच चामड्याच्या छिद्रांत अडकते आणि पुढच्या फेरीत कानशीसारखं काम करते. चिखल ओला असतानाच साध्या पाण्याने पिळलेल्या फडक्याने पुसून काढावा. तो वाळेपर्यंत थांबून ब्रशने खरवडणं हा कपड्यांचा न्याय आहे, चामड्याला तो लागू नाही.

समुद्राचं पाणी लागलं असेल तर गोष्ट जरा उलटी. काशीद, अलिबाग, मुरूडच्या किनाऱ्यांवर घोडे फिरवणाऱ्यांना हे रोजचं. खारं पाणी नुसतं वाळवलं तर मीठ आत राहतं, हवेतली ओल शोषत राहतं, आणि चामडं कधी ओलसर, कधी करकरीत असं आळीपाळीने होत जातं. त्यामुळे आधीच भिजलेल्या सामानाला पुन्हा गोड्या पाण्याने भिजवून मीठ काढावं लागतं. भरपूर पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, ओल्या स्पंजने दोन-तीनदा पुसायचं, दर वेळी स्वच्छ पाणी घ्यायचं.

घोड्याचा घामही याच वर्गातला. माणसाच्या घामापेक्षा तो जास्त खारट असतो, शिवाय त्यात लॅथेरिन नावाचं प्रथिन असतं. त्यामुळे तो साबणासारखा फेसाळतो आणि दाट केसांतून झटकन पसरतो. तंगाच्या कडेला, लगामाखाली दिसणारा पांढरा फेस तो हाच. पावसात तो वाहून गेला असं वाटतं. प्रत्यक्षात पाण्याबरोबर तो चामड्यात आणखी खोल जातो. म्हणून पावसात भिजलेला तंग नुसता वाळवून चालत नाही, तो आतल्या बाजूने पुसावाच लागतो.

साबण लावायचा का? चिखल आणि घाम असेल तर हो, पण सॅडल सोप किंवा ग्लिसरीनचा साधा साबण, तोही पिळून जवळजवळ कोरड्या केलेल्या स्पंजवर. फेस आला तर समजायचं पाणी जास्त झालं. कपड्यांचा साबण, धुण्याची पावडर हे अल्कधर्मी असतात. कमावलेलं चामडं थोडं आम्लधर्मी असतं, त्यामुळे असा साबण त्याचं तेलही काढतो आणि टॅनिनची पकडही ढिली करतो. याच कारणाने साज तबेल्यातच, घोड्याच्या डोक्यावरच्या खुंटीला टांगून ठेवणं मला पटत नाही. मूत्रातून उठणारा अमोनिया अल्कधर्मी, आणि तो रात्रंदिवस चामड्यावर बसत असतो.

सावकाश वाळवणं, आणि तेही पावसाळ्यात

टॉवेलने टिपून घेतल्यावर सामान सावलीत, वाहत्या हवेत ठेवायचं. खोगीर स्टँडवर किंवा आडव्या गोल ओंडक्यावर, म्हणजे त्याची कमान मोकळी राहते. बाजूचे फ्लॅप थोडे उचलून मध्ये वर्तमानपत्राचा चुरगळलेला बोळा, त्यावर पांढरं फडकं, कारण ओल्या चामड्याला शाई लागते. लगाम खिळ्यावर टांगू नये. खिळ्यावर चामड्याला टोकदार घडी पडते आणि वाळताना ती कायमची होते. भिंतीला पत्र्याचा रिकामा गोल डबा ठोकून त्यावर डोक्याचा पट्टा टाकला की काम होतं, दुकानातला महागडा आकडा लागत नाही. रिकीबीचे पट्टे ओले असताना रिकिबीसकट लोंबकळत ठेवले तर लोखंडाच्या वजनानेच लांबतात. आधीच डावा पट्टा उजव्यापेक्षा लांब झालेला असतो, कारण स्वार डावीकडून चढतो आणि सगळा भार त्या एका पट्ट्यावर येतो. त्या दोघांची अधूनमधून अदलाबदल करावी. भिजल्यानंतर तर आवर्जून, आणि दोन्ही एकमेकांशेजारी धरून भोकं जुळतात का ते पाहावं.

पंखा चालतो. टेबल फॅन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून हवा फिरती ठेवावी, थेट झोत नको. रिकीबीचे पट्टे एक-दोन दिवसांत वाळतात. खोगिराच्या खालच्या गाद्यांचं काम वेगळं. त्यांत लोकर किंवा तत्सम भरण असेल आणि पाणी आतपर्यंत गेलं असेल तर आठवडाही लागतो. वरून हात लावून कोरडं वाटतं, तळवा दाबून धरला की गारवा कळतो. जिथून पाणी अजून उडत असतं तिथे चामडं गार लागतं. हाताच्या मागच्या बाजूने किंवा गालाने तपासलं तर चटकन समजतं.

कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये अडचण अशी की हवेलाच पाण्याची भूक नसते. आर्द्रता दिवसेंदिवस नव्वदीच्या घरात, मग सावली आणि वारा असून उपयोग काय? अशा वेळी छोटी बंद खोली किंवा कपाट कामाला येतं. आत जुना तापणारा पिवळा बल्ब, चामड्यापासून हातभर दूर आणि कपड्या-कागदाला न लागेल असा. हवा दोन-चार अंश तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते, आणि इथे तेवढंच पुरतं. एलईडी बल्बचा उपयोग नाही, तो पुरेसा तापत नाही. घोडेस्वारीच्या क्लबात ओल शोषणारं यंत्र असेल तर उत्तमच. सिलिका जेलच्या पिशव्या कपाटात चालतात. दुकानात मिळणाऱ्या ओल शोषणाऱ्या डब्यांबद्दल मात्र एक ताकीद. त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराईड असतं आणि तळाशी साठणारं पाणी चामड्यावर सांडलं तर तेवढा भाग आक्रसून कडक होतो, तो सुधारत नाही. डबा खाली, सामान वर आणि लांब, अशी मांडणी हवी.

प्लॅस्टिकची पिशवी नको, ताडपत्री नको. झाकायचंच असेल तर जुनी सुती चादर.

तेल: कधी, कुठलं, किती

सगळ्यात जास्त मतभेद इथे आहेत, आणि प्रत्येक घोडेवाल्याचं एक खात्रीचं तेल असतं.

वेळेबद्दल माझं मत पक्कं आहे. चामडं पूर्ण कोरडं होण्याच्या जरा आधी, रंग मूळचा झालेला पण हाताला किंचित गार आणि वाकवलं तर न कुरकुरता वाकणारं, अशा अवस्थेत पहिला पातळ हात द्यावा. तंतू अजून एकमेकांपासून सुटे असतात, उरलेलं पाणी बाहेर जाता जाता तेल त्या जागी बसतं. चिंब ओल्या चामड्यावर तेल लावलं तर ते आत जातच नाही, आणि पाण्याची बाहेर पडायची वाट मात्र अडते. करकरीत वाळल्यावर लावलं तर तंतू आधीच चिकटलेले असतात. तरीही उशीर झालाच तर लगाम वाकवून ‘मोकळा’ करायला जाऊ नये. आधी पातळ तेल, मग दिवसभर थांबणं, मग हळूहळू वाकवणं, हा क्रम.

तेल लावायचं ते जमेल तिथे आतल्या, खरखरीत बाजूने. चकचकीत बाजूचा थर दाट असतो, तिथून ते कमी मुरतं. फडक्यावर चमचाभर घ्यावं आणि तेवढंच जितकं दूर जाईल तितकं पसरावं. दुसऱ्या दिवशी पाहावं, चामड्याने सगळं पिऊन टाकलं असेल तर पुन्हा एक पातळ हात. जास्त तेलाचे तोटे कमी लेखले जातात. तंतू इतके सरकायला लागतात की पट्टा ताणून लांब होतो, शिवणीचा सुती किंवा तागाचा दोरा तेलाने मऊ होऊन कुजतो, खालच्या गादीची लोकर तेलाने गोळा होते, आणि वर चिकट थरावर धूळ बसते. तेलात बुडवलेला लगाम हातात निसरडा लागतो तो वेगळाच धोका.

कुठलं? परंपरेने नीट्सफूट तेल, गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, थंडीतही पातळ राहणारं आणि चामड्यात चांगलं मुरणारं. काहींना ते धार्मिक कारणाने नको असतं. त्यांच्यासाठी एरंडेल हा बरा पर्याय. ते हवेत वाळून कडक होत नाही, फक्त दाट असल्याने अगदी थोडं आणि जरा कोमट करून लावावं लागतं. खोबरेल घराघरात असतं, म्हणून लोक तेच लावतात. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणून महाबळेश्वरच्या किंवा पुण्याच्या हिवाळ्यात चामड्यावर पांढरट थर दिसतो. पावसाळ्यात नड भागवायला चालेल, मुख्य तेल म्हणून मी घेणार नाही. जवसाचं तेल मात्र नकोच. ते हवेत वाळून कडक पापुद्रा धरणारं तेल आहे, रंगकामात त्याची किंमत त्याच गुणासाठी. शिवाय जवसाच्या तेलाचे बोळे एका ढिगात पडून राहिले तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, तबेल्यात तर गवत शेजारीच असतं. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल अशी स्वयंपाकाची तेलं काही महिन्यांत चिकट आणि खवट होतात, उंदीर-झुरळांना निमंत्रण मिळतं ते वेगळं. इंजिन ऑईल लावणारेही पाहिले आहेत. काय बोलायचं?

मेणाचा लेप, म्हणजे मेण आणि चरबीचं ते घट्ट मिश्रण, याची वेळ वेगळी. ते दुरुस्तीचं औषध नाही, पावसाआधीचं कवच आहे. मे अखेरीस स्वच्छ, कोरड्या, तेल मुरलेल्या चामड्यावर ते चोळलं तर पहिले पाऊस बरेच वरच्यावर निघून जातात. भिजलेल्या सामानावर मात्र नको, ओल आत कोंडते. बुटांचं पॉलिश रंगापुरतं, आणि तो रंग स्वाराच्या पँटला लागतो.

काळे डाग आणि हिरवा मळ

भिजलेल्या फिक्या तपकिरी चामड्यावर बक्कलभोवती निळसर-काळं कडं उमटतं. पुष्कळजण त्याला बुरशी समजून घासत बसतात. ती बुरशी नाही, ती शाई आहे, अगदी शब्दशः. आपल्या जुन्या पोथ्यांची काळी शाई हिरडा आणि हिराकस एकत्र करून बनवत. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह यांचा संयोग काळा होतो. तुमच्या वादीत टॅनिन आहे, गंजलेल्या बक्कलमध्ये लोह आहे, पावसाने पाणी पुरवलं. ताज्या डागावर पाणी घालून पातळ केलेला लिंबाचा रस फडक्याने हलकेच लावून लगेच साध्या पाण्याने पुसला तर डाग फिका होतो. जुना डाग बहुधा कायमचा. तो केवळ दिसायला वाईट, पण गंज वाढत गेला तर त्याखालचं चामडं खरोखर कमकुवत होतं. त्यामुळे लोखंडी बक्कलं पुसून, कोरडी करून त्यांच्यावर व्हॅसलीनचा पुसट हात द्यावा. व्हॅसलीनची जागा धातूवर आहे, चामड्यावर नाही.

पितळी बक्कलभोवती मेणासारखा हिरवा मळ जमतो, तो पितळेतल्या तांब्याचा आणि चामड्यातल्या तेलाचा संयोग. जुन्या दातांच्या ब्रशने किंवा लाकडी काडीने खरवडून काढायचा. तो जास्त येत असेल तर तुम्ही तेल जास्त लावता आहात.

बुरशी

हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की बुरशीला आणखी काही लागत नाही. तिचे बीजाणू हवेत असतातच, चामड्यातलं तेल आणि घाम हे तिचं खाणं. म्हणून पांढरे-हिरवे ठिपके दिसले म्हणजे तुमच्या स्वच्छतेवर ठपका नाही. काळजी उशिरा घेतली तर मात्र बुरशी पृष्ठभागावरून आत जाते आणि डाग राहतात.

आधी ती बुरशीच आहे का ते पाहावं. चामड्यातली घट्ट चरबी कधी कधी थंडीत बाहेर येऊन पांढरी पावडर दिसते. लांबून हलकी कोमट हवा दिली की ती वितळून दिसेनाशी होते. हे फक्त कोरड्या चामड्यावर, आणि काही सेकंदच. बुरशी वितळत नाही आणि तिचा कुबट वास लपत नाही. चरबी असेल तर पुसून सोडून द्यावी.

बुरशी असेल तर सामान घराबाहेर न्यावं, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झाडावं. आत झाडलं तर तेच बीजाणू बाकीच्या सामानावर जाऊन बसतात. मग ओलसर फडक्याने पुसणं, दर वेळी फडक्याची नवी बाजू. त्यानंतर औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल तेवढ्याच पाण्यात मिसळून, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात रंग जातो का ते पाहून, फडक्याने हलकेच फिरवावं. भिजवू नये. व्हिनेगर वापरणारे बरेच आहेत, पातळ केलेलं चालतं, माझी पसंती या अल्कोहोलला आहे कारण ते लवकर उडतं आणि पाणी मागे कमी सोडतं. ब्लीच कधीही नाही. नंतर पुन्हा सावलीत वाळवणं आणि मगच तेल. बुरशीवरच तेल लावणं म्हणजे तिला जेवायला वाढणं. ब्रश आणि फडकी त्याच दिवशी गरम पाण्यात धुवावीत.

खोगिराखालचं कापडी पॅड किंवा नमदा ओला राहिला असेल तर तो दुसऱ्या दिवशी घोड्यावर घालू नये, सुकलेला दुसरा जोड हाताशी हवा. ओल, उष्णता आणि घर्षण एकत्र आलं की कातडीवर खपल्या आणि पुरळ येतात. एकाच तंगाने आणि पॅडने तीन घोडे चालवले की गजकर्णही तिघांना. वाळून कडक झालेला तंग पुढच्या पायांमागच्या नाजूक कातडीला सोलून काढतो, आणि तिथे जखम झाली की ऐन हंगामात घोडा उभा.

म्हणूनच पावसाळ्यापुरतं नायलॉनचं किंवा सिंथेटिक सामान वापरणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. माथेरानसारख्या ठिकाणी चार महिने चामड्याचा लगाम रोज भिजवून रोज वाळवायचा, यात शहाणपण थोडं आणि श्रम फार. फक्त दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. नायलॉनच्या कडा कातडीला काचतात, आणि घोडा कुठे अडकला तर नायलॉन तुटत नाही, चामडं तुटतं. अडकलेल्या घोड्याच्या डोक्यावरचा पट्टा तुटणं कधी कधी हवंच असतं.

पुन्हा चढण्याआधी

वाळून, तेल मुरून साज तयार झाला की लगेच खोगीर चढवू नये, आधी तपासावा. प्रत्येक वादी भोकाच्या जागी आणि बक्कलच्या घडीवर उलटी वाकवून पाहावी. पृष्ठभागावर बारीक रेघांचं जाळं दिसलं तर अजून चालेल, चिरेत नख अडकलं तर नाही. भोक गोल राहिलं आहे की लांबट झालं, ते बघावं. शिवणीचा एखादा टाका नखाने ओढावा, दोरा तुटला किंवा सरकला तर ती शिवण गेली. खोगिराचा लाकडी सांगाडा तपासायला त्याचा पुढचा उंचवटा मांडीला टेकवून मागची उंच कड आपल्याकडे ओढावी. सांगाडा मधोमध वाकतो किंवा आतून करकर आवाज येतो, तर ते कारागिराकडे न्यावं. काही सांगाड्यांत पोलादी पट्ट्यांमुळे थोडी लवचीकता मुद्दाम ठेवलेली असते. ती दोन्ही बाजूंनी सारखी आणि बिनआवाजाची असते.

लगामाची शिवण साधा मोचीही चांगली करून देतो. तंग ज्या वाद्यांना अडकतो त्या आणि रिकीबीचे पट्टे यांचं काम मात्र खोगीर करणाऱ्या कारागिराकडेच द्यावं, कारण स्वाराचा सगळा भार त्या दोन-तीन टाक्यांच्या रांगांवर असतो. बदलताना दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्यात. एक नवी आणि एक भिजून लांबलेली अशी जोडी असली की खोगीर एका बाजूला कलतं, स्वार नकळत दुसरीकडे भार टाकतो, आणि घोड्याच्या पाठीला एकाच बाजूला फोड येतात.